उसने हात

खामगावच्या बाजारात गजेंद्रचं फोटोचं दुकान. गिऱ्हाईक जास्त करून मेलेल्यांचं. आता खेड्यातल्या म्हातारीचा धड एक फोटो तरी घरात असावा ना? पण नाही! बाई गेली की पोरं आधार कार्ड घेऊन धावत येतात, तेरवीच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे म्हणतात. कार्डावर नुसता चेहरा. बाकीचं अंग आणायचं कुठून?

गजेंद्रनं ते नेटवरून उचललं. खुर्चीत बसलेली एक म्हातारी, डोक्यावर पदर, हात मांडीवर. फुकटात मिळालं, विचारतो कोण? गोंदण पुसलं, लुगड्याचा रंग बदलला, वर गेलेल्या बाईचा चेहरा बसवला. लोक फोटो पाहून रडायचे आणि हा समजायचा, आपण पुण्यच करून राह्यलो.

परवा बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. भरदुपारी ती खुर्चीतली म्हातारी दुकानात आली. चांगली जित्ती! सोबत तिची लेक पुष्पांजली.

"माह्या मायचा हा फोटो मी काढला," पुष्पांजलीनं मोबाइल पुढे धरला. "नेटवर टाकला म्हणजे वाटून देला काय? मले इचारलं? तिले इचारलं?"

"ताई, सगळेच घेतात..." तो पुटपुटला.

"सगळ्याचं सांगू नका!"

म्हातारीनं लेकीला गप्प केलं. कोकिळाबाई तिचं नाव, राहणार पिंपळगाव राजाची. तिनं उजवा हात काउंटरवर ठेवला. करंगळी वाकडी होती.

"लहानपणी इळ्यानं कापली," ती म्हणाली. "काल जावेच्या घरी सांत्वनाले गेली. पाह्यतो तं काय, हार घातलेल्या फोटोत तोंड जावेचं अन् हे बोट माहं! तिच्या पोरायनं तुहं दुकान सांगतलं. किती घरात टांगलं बाप्पा मले?"

"एकाच," गजेंद्र बोलून गेला. बोलला आणि त्याची त्यालाच किळस आली. जित्या बाईच्या तोंडावर थाप मारली होती त्यानं. मान खाली घालून तो म्हणाला, "नाही माय. लय घरात. माहं चुकलं."

"सगळे काढून आणा," पुष्पांजली कडाडली.

"ऱ्हाऊ दे पोरी. त्या लेकरायची माय हाय ते. आता पुढं कोणाचं असं करू नोको, झालं." म्हातारी निघाली आणि जाता जाता तिची नजर गल्ल्यामागच्या भिंतीवर गेली. तिथं हार घातलेला आणखी एक फोटो होता.

"हे कोन?"

"माही माय."

कोकिळाबाईनं फोटोतली वाकडी करंगळी पाहिली. रागवली मात्र नाही.

"अन् तिचे सोताचे हात कसे व्हते रे?"

ज्या हातांनी गजेंद्रला भरवलं, न्हाऊ घातलं, ते डोळ्यांपुढे येतच नव्हते. रोज सकाळी उदबत्ती लावताना त्यानं कोकिळाबाईचेच हात पाहिले होते.

"आठवत नाही, माय," तो म्हणाला आणि बाजाराच्या दिवशी, भरल्या दुकानात, ढसाढसा रडायला लागला.