दाजींच्या ड्रममधला जीव

जिवंत जंतू बघायचे तर आधी त्यांना राहायला जागा द्यावी लागते, आणि जागा निवडण्याच्या बाबतीत मी स्थळं बघणाऱ्या आत्यापेक्षा चोखंदळ आहे. नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता शिकवता माझे केस गेले, ही खोड गेली नाही. म्हणून ताईचा फोन आला तेव्हा, खरं सांगतो, मला आनंदच झाला. होऊ नये तेव्हा मला हटकून आनंद होतो.

ताई माझी थोरली बहीण. वणीच्या रस्त्याला तिची द्राक्षबाग, तिनं आणि दाजींनी मिळून लावलेली. दोन वर्षांपासून वेलींची मुळं काळी पडत होती. दाजी ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून जीवामृत करायचे, वेलींना घालायचे. फरक दिसेना. शेवटी त्यांनी निकाल जाहीर केला, "ड्रमात जीव हाय का, ते पाव्हण्यांना दाखवायला सांग. पोहताना दिसले तर बाग आणखी एक वर्ष ठेवतो. नाय दिसले तर उपटतो."

"अरे, दाखव बाबा," ताई फोनवर म्हणाली. तिचा आवाज असा होता की मी थट्टा केली नाही.

रविवारी दोघं कॉलेजात आली. दाजींच्या हातात तपकिरी पाण्याची बाटली, तोंडाला फडकं बांधलेलं. मी टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि तऱ्हतऱ्हेच्या काचा, असं दुकान मांडून बसलोच होतो.

"काचच तर हाय," दाजी म्हणाले. "कोणतीबी घ्या."

"कोणतीही कशी, दाजी?" मी उभा राहिलो. मला एवढंच हवं असतं. "ही साधी सपाट काच बघा. थेंबावर वरून पातळ काच ठेवली की पाणी कडेनं सुकतं, आत ओढ लागते, आणि मेलेलेसुद्धा मिरवणुकीत निघाल्यासारखे एका दिशेनं जातात. पोहतोय कोण आणि वाहतोय कोण, कसं कळणार?"

"आन् ही रेघांची?"

"ती जंतू मोजायची."

"मोजून काय करू? हाय का नाय, एवढंच सांगा."

"मग ही!" मी मधोमध खळगा असलेली काच उचलली. "थेंब पातळ काचेवर ठेवायचा, कडेला व्हॅसलीन, आणि काच उलटी करून खळग्यावर बसवायची. थेंब छताला लोंबकळतो. सुकत नाही, हवा मिळते, वाहत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, मेलेला जंतूही जागच्या जागी थरथरतो. पाणी त्याला हलवतं. जिवंत असतो तो स्वतःच्या वाटेनं निघतो."

"म्हणजे फ्लॅटच झाला की," ताई म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच हसली.

मी थेंब घेतला. तोंड चालूच होतं, लग्नातल्या कुठल्याशा फजितीची गोष्ट सांगत होतो. काच बसवली, सूक्ष्मदर्शकाच्या नळीत डोकावलो. काड्यांसारखे जंतू, ढीगभर. सगळे जागच्या जागी थरथरत होते. एकही निघाला नाही.

दाजींनी मला बाजूला सारलं. बराच वेळ बघितलं.

"थरथरत्यात," ते म्हणाले. "पोहत नाय कोनी. तुम्हीच सांगितलं न्हवं?"

ताईनं माझ्याकडे बघितलं, आणि माझं लक्ष टेबलावरच्या पेटत्या स्पिरिटच्या दिव्याकडे गेलं. आमच्या धंद्यात जंतू रंगवायचे तर आधी काच तीनदा ज्योतीवरून फिरवतात. जंतू मरतात, काचेला चिकटतात. इतकी वर्षं मी तेच केलं, पोरांनाही तेच शिकवलं. बोलता बोलता माझ्या हातानं ती पातळ काचही थेंबासकट ज्योतीवरून फिरवली होती, तीनदा, आरती ओवाळावी तशी.

"थांबा, थांबा! मीच मारले त्यांना!" मी ओरडलो. दिवा विझवला, त्याच बाटलीतून दुसरा थेंब घेतला. यावेळी तोंड बंद. आणि काय सांगू, आत यात्रा भरली होती! कुणी सरळ सुसाट, कुणी गिरक्या घेत.

दाजींनी पुन्हा बघितलं.

"लय भारी हायेत," ते हळू म्हणाले. "पन आमचे नायत."

"तुमच्यासमोर घेतला थेंब!"

"जादूगारबी समोरच करतो, पाव्हणं. आन् तुम्ही मला कमी फसवलंय का? आमच्या लग्नात तुमचा मामा म्हणून तुम्ही माझी ज्याच्याशी गाठ घालून दिली, तो मांडववाला निघाला." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बहिणीसाठी करावंच लागतं. मला राग नाय."

राग असता तर मी भांडलो असतो. मी तिसरी काच लावली, चौथी लावली. "तुम्ही स्वतः थेंब घ्या," म्हणालो. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. ताईनं एकदा नळीत बघितलं, खूप वेळ, आणि बाटलीला फडकं बांधलं.

पंधरवड्यात बाग उपटली. जंतू पोहत होते म्हणून मुळं सुधारली असती असंही नाही, हे मला त्या रविवारीही माहीत होतं. ताईलाही असावं. तिला फक्त अजून एक हंगाम हवा होता.

ऑक्टोबरात शेजारच्या बागांमध्ये छाटणी सुरू झाली तशी ती आठ दिवस आमच्याकडे येऊन राहिली. तिला कात्र्यांचा आवाज नको होता.