वहिनीचा आवाज

देवाने दोन माणसांसाठी केलेला आवाज वाटपाच्या गडबडीत एकीलाच मिळाला, असे वहिनीचा नवरा म्हणायचा. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत ती घड्या घालायच्या टेबलावर होती. मशिनांच्या घरघरीत मुकादम ओरडून थकला की निरोप पोचवायचे काम आपसूक तिच्याकडे येई. तिची सख्खी नणंद तिथेच सुकवणीवर होती आणि दिवसभर वहिनी, वहिनी करायची, म्हणून सगळी लॉन्ड्रीच तिला वहिनी म्हणू लागली. नणंदेला घरात बारकी म्हणत. बारकी चाळिशीला टेकली होती, पण घरातली नावे वयाला जुमानत नाहीत.

पहिली बस सुटायच्या आधी पाळी सुरू होई, त्यामुळे पाच जणी सायकलने जायच्या. रूळ उखडून टाकलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर आता सायकलवाट झाली होती. सरळ, सपाट, दोन्ही अंगांना झाडी. अशा वाटेवर माणूस निर्धास्त होतो, गप्पांना रंग चढतो, आणि नेमकी तेव्हाच ती वाट चौपदरी रस्त्यावर जाऊन आदळते. तिथे सिग्नल नाही. पांढरे पट्टे आहेत, मधल्या दुभाजकात सायकल उभी राहील एवढी जागा आहे, आणि पेट्रोल पंपाच्या वळणावरून गाड्या अशा सुटतात की जणू प्रत्येकाच्या घरी दूध उतू चालले आहे.

इथे या पाच जणींची एक रीत पडली होती. वहिनी पुढे. ती थांबायची, बघायची आणि निघता निघता आरोळी ठोकायची, "मोकळंय!" मागच्या चौघी माना खाली घालून तिच्या मागोमाग. अशी रीत कुणी ठरवून घातली नव्हती. आयता आवाज होता, वापरला गेला.

एका सकाळी वहिनी "मोकळंय" म्हणाली तेव्हा रस्ता खरोखरच मोकळा होता. सगळ्यांत मागची बारकी पट्ट्यांवर येईपर्यंत तो तसा राहिला नव्हता. वळणावरून आलेल्या गाडीने ब्रेक दाबला, तरी सायकलच्या मागच्या चाकाला धडक बसलीच. हेल्मेटमुळे डोके वाचले. नडगी मोडली.

दवाखान्यात सगळ्यांनी गाडीवाल्याचा यथासांग उद्धार केला. वहिनी मात्र स्वतःलाच दोष देत होती. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तुझा काय दोष त्यात?"

"मोकळंय म्हणाले ना मी? माझ्यासाठी मोकळं होतं. तिच्यासाठी कुणी बघितलं?"

वहिनीला लाज वाटत होती. पण हातपाय गाळून बसणे तिच्या रक्तात नव्हते. दुसऱ्याच दिवशी तिने उरलेल्या तिघींना रस्त्याच्या अलीकडे अडवले. "आजपासून मी ओरडणार नाही. प्रत्येकीनं पाय टेकायचा, दोन्हीकडे स्वतः बघायचं, स्वतः निघायचं. माझ्या पाठीकडे बघून कुणी आलं तर माझ्याशी गाठ आहे."

"म्हणजे इंजिनाची शिट्टी बंद?" फाटक्या चादरी शिवणारी शिलाईवाली हसली. "उशीर होईल गं. मुकादम डोक्यावर मिऱ्या वाटेल."

"वाटू दे. मिऱ्याच आहेत."

बोलणे सोपे होते. जित्याची खोड! चार दिवसांनी वहिनीने सवयीने पुन्हा आरोळी ठोकली आणि तिघी सवयीनेच निघाल्या. वहिनी दुभाजकावरून अशी काही खेकसली की पंपावरचा माणूसही नळी हातात धरून उभा राहिला. त्या दिवसापासून ती रस्ता ओलांडताना ओठ दाताखाली धरायची.

बारकीचे हाड जुळले, पण मन काही जुळेना. ती सायकलकडे बघायलाही तयार नव्हती. मुकादमाने महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. पुढे त्याच्या हातात काही नव्हते. आणि नोकरी गेली की खोली जाणार होती. लग्न मोडून आल्यावर बारकीने कितीतरी वर्षे भावाच्या बाहेरच्या खोलीत पडद्याआड काढली होती. मग कुठे ही भाड्याची खोली मिळाली. एक खिडकी, एक कॉट, आणि आतून लागणारी कडी. भावाचे दार उघडेच होते, पण बारकीला ती कडी हवी होती. वहिनीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला तीच तर झोपायची.

दर सुट्टीला दुपारी ती बारकीला घेऊन क्रॉसिंगवर जाऊ लागली. पहिल्यांदा दोघी नुसत्या बाकावर बसून गाड्या बघत राहिल्या. नंतर सायकल हातात धरून पट्ट्यांपर्यंत. दर वेळी वहिनी धीर द्यायची, "चल, आता काही नाही, चल चल!" आणि दर वेळी बारकी पट्ट्यांवरूनच मागे फिरायची.

एकदा मात्र बारकी चिडून रडली. "वहिनी, तू बोलूच नकोस! तुझा आवाज आला की माझे डोळे मिटतात. मला वाटतं, हिनं बघितलंय ना, मग झालं. त्या दिवशीही तसंच झालं."

वहिनीला वर्मी लागले. ज्या आवाजाच्या जोरावर तिने पोरे वाढवली, भाजीवाल्यांना घाम फोडला, तो आवाज इथे आडवा येत होता. ती एवढेच म्हणाली, "बरं. नाही बोलत."

महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस उजाडला. तिघी पुढे निघून गेल्या. बारकी पट्ट्यांपाशी पाय टेकून उभी, आणि वहिनी मुद्दाम तिच्या मागे.

एक मोठा ट्रक आला आणि चक्क थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने हात हलवला, "जा ताई." बारकी हलली नाही. त्याने पुन्हा हात हलवला. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. वहिनीच्या जिभेवर 'चल' आलेच होते. एवढा ट्रक थांबलाय, आता नाही तर कधी? पाळी सुरू व्हायला आली होती, नोकरी डोळ्यांदेखत चालली होती. तिने हँडल इतके आवळले की बोटे दुखली, पण तोंड उघडले नाही.

बारकीने ड्रायव्हरकडे बघून मान हलवली आणि सायकल ढकलत ट्रकच्या नाकापर्यंत गेली. तिथे थांबून तिने पलीकडे डोकावले. त्याच क्षणी ट्रकच्या आडून एक मोटारसायकल सुसाट निघून गेली. ड्रायव्हरने डोक्याला हात लावला. बारकी अजून थांबली, पुन्हा बघितले, आणि मगच निघाली. दुभाजकात पाय टेकला. दुसऱ्या बाजूला बघितले. एक गाडी जाऊ दिली, आणखी एक. मग पलीकडे.

ट्रक हलला, त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली, आणि वहिनी अलीकडेच अडकली. बारकी पलीकडच्या झाडीत सायकलवर बसली आणि एकदाही मागे न बघता लॉन्ड्रीच्या दिशेने पायडल मारत दिसेनाशी झाली. उशीर तर आता वहिनीलाच होणार होता. तिने पदराने डोळे पुसले, कारण समोरचे नीट दिसत नव्हते, आणि पाय टेकून आपली पाळी येण्याची वाट बघत उभी राहिली.