वाघ्याचा पेंढा

काल आंब्याची पेटी उघडली आणि भाताच्या पेंढ्याचा वास आला. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन मी मुरुडला आले, तेव्हा माहेरचा कुत्रा वाघ्या बैलगाडीमागून चालत आला होता. आम्ही दोघांनी समुद्र कधी ऐकला नव्हता. लाटांच्या आवाजाने तो सारखा थरथरायचा, रडायचा.

"उद्या त्याला परत धाडा," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी शेजारच्या गोठ्यातून पेंढा आणून मागच्या पडवीत पसरला. वास अगदी माहेरच्या गोठ्याचा; वाघ्या तिथे अशाच पेंढ्यात झोपायचा. त्याने तो हुंगला, दोन-तीन गिरक्या घेतल्या, अंग टाकलं आणि चक्क घोरू लागला. मीही हळूच पेंढ्यात टेकले.

"तुलाबी ह्योच पायजे व्हता काय गो?" सासूबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक पेंढी सोडली.

तेव्हा मी लाजले. आता वाटतं, त्या घरची मी झाले ती त्याच दुपारी. वाघ्या तर झालाच.