चपलेची पायरी

सरकारी माणसं गावात आली अन् म्हणाली, "बाबा, पाण्याची बँक करू." पावसाळ्यात ओढ्याचं वाहून जाणारं पाणी गाळून माझ्या विहिरीत सोडायचं, जमिनीत मुरवायचं, अन् उन्हाळ्यात हिंगोली शहरानं आपला वाटा पाइपानं उचलायचा. शिवारातल्या बऱ्याच विहिरी घेतल्या. मी सगळ्यात शेवटी हो म्हणलो. तेही एका अटीवर, अन् लिहून घेऊन. विहिरीची वरून अकरावी पायरी उघडी पडली की मोटर बंद. त्याच्या खालचं पाणी माझं.

अकरावी काहून, तर माझ्या बायकोनं एका कोरड्या उन्हाळ्यात त्या पायरीवर छिन्नीनं रेघ मारली होती. रेघ दिसली की मळ्याचं पाणी बंद, उरलेलं म्हशीला अन् घराला. ती गेली त्या साली पाऊस चांगला झाला, रेघ पाण्याखाली गेली. तवापासून मी ती बघितली न्हाई.

उन्हाळा लागला, मोटर सुरू झाली. मी रोज सकाळी काठी टेकत विहिरीवर. पिकल्या मिशांचा मोटरवाला म्हणायचा, "आले का पोलीस?"

"चोर हाय तिथं पोलीस येणारच."

एक दिवस गेलो तर मोटर बंद.

"काहून बंद केली?"

"अकरा झाल्या, बाबा. आमचा वाटा संपला."

चपला काढून खाली उतरलो, मोजलं. दहाच. रेघ न्हाई. म्हणलं, ह्यात काहीतरी डाव हाय. शहरवाले पाणी ठेवून जातेत, असं कुठं ऐकलं न्हाई.

"माझ्यासमोर मोज."

माझ्या चपला होत्या त्या पायरीवर पाय ठेवून तो म्हणला, "एक."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पायरी आमच्या घरात कोणी मोजतच न्हाई. ती नुसती चपला काढून ठेवायला. विहीर तिच्या खालून सुरू होते, असं बायको म्हणायची. मी तिची अकरावी सांगितली, त्यायनं त्यायची लिहिली. उन्हाळाभर त्यायला चोर म्हणलो अन् शहराचं पायरीभर पाणी माझ्याच विहिरीत.

गप बसलो असतो तर कोणाला कळलं असतं? म्हैस प्याली असती. पण रेघ पाण्यातच राहिली असती.

"अजून एक पायरी न्या," म्हणलो.

तो मागं सरकला. "काहून? काय डाव हाय, बाबा? उद्या म्हणाल, जास्त उपसलं."

"न्हाई म्हणत."

"लिहून द्या."

इतके दिवस हरेक गोष्ट लिहून मागणारा मी. त्याच्या वहीत दोन ओळी लिहिता लिहिता घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ उघडी पडली. बोटानं शेवाळ काढलं. वाकडीच होती. तिला सरळ रेघ कधी जमली न्हाई. लई वेळ बोट तिथंच राहिलं.

"आता बंद कर," मी वर न बघता म्हणलो.

त्यानं बंद केली. तरी मी दिवस बुडेपर्यंत तिथंच बसलो. मोटरीचा काय भरोसा.