सलिमा मॅडमनी घालवलेला कप

सलिमा मॅडमनी हातातला कप घालवला, असं चाकणमध्ये आजही म्हणणारे लोक आहेत. त्यातल्या एकानेही त्या दिवशी दिव्याचे डोळे पाहिले नव्हते.

सलिमा सांगवीची, सरदारभाई टायरवाल्यांची मुलगी. कॉलेजात रग्बी खेळली. गुडघा गेल्यावर शिकवायला लागली. चाकणच्या एका क्लबाने तिला मुलींचा संघ दिला. दिला म्हणजे काय, कारखान्यामागची खडकाळ जागा दाखवली आणि मोकळे झाले. तिथले दगड तिने पोरींबरोबर स्वतः वेचले. सगळ्या कामगारांच्या मुली. कुणाचं घर लातूरकडचं, कुणाचं चिपळूणचं. तिसऱ्या वर्षी याच पोरी राज्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या.

सामन्यात त्या पुढे होत्या. समोरच्या मुलीला अडवताना कप्तान दिव्या डोक्यावर आपटली. उठली, पण भलत्याच दिशेला चालू लागली. सलिमा धावत आत गेली.

"दिव्या, आपण कुणाशी खेळतोय?"

"मॅडम, शाळा सुटली का?"

सलिमाने तिला बाहेर आणून बसवलं. तेवढ्यात क्लबाचे अध्यक्ष उद्धवराव मांडवातून तरातरा आले.

"पाणी मारा आणि पाठवा तिला आत. आमदार कप द्यायला बसलेत, मॅडम!"

"ती आज खेळणार नाही."

"मग उद्यापासून तुम्हीही नाही."

"चालेल," सलिमा म्हणाली आणि दिव्याचं डोकं धरून बसली.

संघ हरला. दवाखान्यात कळलं, मेंदूला सूज होती. आणखी एक मार बसला असता तर जीव गेला असता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उद्धवरावांपर्यंत ते पोचलंही. "खेळात लागतंच," एवढंच म्हणाले, आणि आठवड्यात नवा प्रशिक्षक नेमला.

पण त्याच्याकडे खेळायला कुणी गेलंच नाही. दिव्याची आई कौशल्याबाई घरोघरी फिरली. "माझी लेक जित्ती हाय ती त्या बाईमुळं. तुमच्या पोरी कुणाच्या हाती द्यायच्या, तुमीच ठरवा." पोरी सलिमाकडे गेल्या. रावेतला एका शाळेने मैदान दिलं, आणि दोन वर्षांनी याच संघाने राज्याचा कप जिंकला.

दुसऱ्या दिवशी चाकणच्या चौकात फ्लेक्स लागला. 'आमच्या कन्यांचे अभिनंदन!' वर उद्धवरावांचा भलामोठा चेहरा, खाली पोरी एवढ्याएवढ्याशा. सलिमाने उद्धवरावांना फोन केला.

"माझं नाव नाही घातलंत, बरं केलंत. आता पोरींचे फोटोही त्यावरून काढून टाका."

ते हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग भर दुपारी कौशल्याबाई आणि चार आया शिडी घेऊन चौकात गेल्या आणि फ्लेक्स उतरवला. उद्धवराव गाडीतून उतरले ते पोलिसांचं नाव घेतच.

"चला की," कौशल्याबाई म्हणाली, "तितं सांगते, माझ्या लेकीला कुणी आत ढकलत होतं ते."

ते गाडीत बसून निघून गेले.

यंदा राज्याच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक म्हणून सलिमाची निवड झाली आहे. दिव्या बरी आहे, पण डॉक्टरांनी तिचा खेळ कायमचा बंद केला. उद्धवराव जाहीर सभांतून मुलींच्या खेळावर तासतास बोलतात. दिव्या कशी आहे, हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.