शांत वर्गाचं कौतुक

परवा मोलगीकडच्या आमच्या जुन्या आश्रमशाळेत माझा सत्कार झाला. मुख्याध्यापक माझाच विद्यार्थी. भाषणात तो पहिलीच्या नव्या शिक्षिकेकडे वळून म्हणाला, "मॅडम, सरांकडून शिका! सर वर्गात असले की आम्ही खोकलासुद्धा दाबून धरायचो. तुमचा वर्ग पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो." सगळे हसले. ती पोरगी मान खाली घालून बसली. शेजारच्या शिक्षकाने मला हळूच सांगितलं, तिचा वर्ग काढून तिला सोमवारपासून कार्यालयात बसवणार आहेत.

माझं डोकं तापलं. पोरांना खोकला दाबून धरायला लावणं हे शिकवणं असतं का? माझा वर्ग गप्प असायचा, कारण मी तापट होतो आणि पोरांना माझी मराठी कळत नव्हती. घरी पावरी बोलणारी पोरं ती. मला विचारणार तरी कोणत्या भाषेत? त्या गप्पपणाला मी शिस्त म्हणालो, साहेब म्हणाले, गावही म्हणालं.

पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे दुसरे एक गुरुजी शिकवायचे. तापीकाठच्या केळी पिकवणाऱ्या घरातला थट्टेखोर माणूस. पावरी पोरांकडूनच शिकत होते. चुकले की पोरं खिदळायची आणि तेही. मी पत्र्यावर पट्टी आपटून आमच्या अहिराणीत ओरडायचो, "काय बजार भरी ऱ्हायना तुन्हा वर्गमा?" पलीकडून उत्तर यायचं, "बोल्याशिवाय माल इकास का, भाऊ?"

तपासणीला साहेब आले. वर्गात शिरलेच नाहीत. व्हरांड्यातून कानोसा घेत गेले. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "त्यांचा वर्गावर ताबा नाही." तेवढ्यावर गुरुजींचा वर्ग काढला आणि कोठीघराची किल्ली त्यांच्या हातात दिली. निवृत्त होईपर्यंत ते गहू-तांदूळ मोजत राहिले. आज ते नाहीत. आणि शाल माझ्या खांद्यावर!

मी माईक घेतला. मुख्याध्यापकाला विचारलं, "खरं सांग, वाचायला तुला कोणी शिकवलं?"

"सर, तुम्हीच की…"

"माझ्या वर्गात तू कधी तोंड उघडलं होतंस का?"

तो म्हणाला, "कोठीतल्या गुरुजींनी. सुट्टीत, पोत्यांवर बसवून. तुमचा धडा ते आम्हाला पावरीत सांगायचे."

मला ते ठाऊक होतं. कोठीच्या दारातून मी पाहिलं होतं, आणि निकाल चांगला लागल्यावर शाबासकी मीच घेतली होती. तेही मी माईकवरच सांगितलं.

"मग या बाईंचा वर्ग का काढतोस?"

"सर, चहाच्या वेळी बोलू. एवढ्या लोकांत…"

"त्यांची थट्टा एवढ्या लोकांतच केलीस ना?" शाल काढून मी टेबलावर ठेवली. "वर्ग त्यांच्याकडेच राहील असं इथेच सांग. नाहीतर ही तुझ्याकडेच ठेव."

त्याने माईक घेतला. "पहिली मॅडमकडेच राहील," तो म्हणाला.

पुढच्या रांगेत बसलेली पहिलीची पोरं एव्हाना कुजबुजू लागली होती. बाईंनी सवयीने ओठांवर बोट नेलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.