भामाचं पार्सल

मनकर्णा सोनकांबळे यांचा जन्म नक्की कोणत्या दिवशी झाला, हे कुणालाच माहीत नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून ही तारीख लिहून टाकली. कचेरीतल्या त्यांच्या दोन मैत्रिणी, भामा बिराजदार आणि विमलाबाई, यांची तारीखही तीच. त्यांच्याही मास्तरांना ती सोयीची वाटली होती. तिघींचे वडील मराठवाड्याकडचे. छप्पन्न साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा हे लोक नोकऱ्यांपायी हैदराबादेतच राहिले.

तिघींचा वाढदिवस एकत्र व्हायचा, मलकपेठेतल्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावरच्या फॅमिली रूममध्ये. हॉटेलातच का, हे मनकर्णाबाईंना ठाऊक होतं. नोकरीच्या सुरुवातीला त्या एकदा भामाच्या घरी गेल्या होत्या. सासू पार्वतीबाईंनी आडनाव विचारलं. मग चहा बाहेरच्या कट्ट्यावर आला. पिऊन झाल्यावर ग्लास विसळून तिथंच पालथा घालायला सांगितलं गेलं. भामा दारात उभी होती, काही बोलली नाही. त्या वर्षीच्या जूनपासून वाढदिवस हॉटेलात सुरू झाला. घरी बोलावणं पुन्हा कधी आलं नाही.

मनकर्णाबाईंना एक सवय होती. सगळ्या बिर्याणीत त्या दही कालवायच्या, पार दहीभात करून टाकायच्या. वेटर युसूफ दरवर्षी कळवळायचा, "अम्मा, बिर्याणी का सत्यानास नक्को करो ना!" अर्ध्यावर त्यांचं पोट भरायचं. मग भामा पर्समधून डबा काढायची.

"टाकू नकोस गं. दे इकडे."

"माझंही घे की," विमलाबाई म्हणायच्या.

"तुझ्या ताटात काय उरतंय? बशीवरची नक्षी तेवढी राहते."

भामाकडे कुत्रं असावं, असं मनकर्णाबाईंनी ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. आणखी एक गोष्ट विचारायची राहिली होती: हॉटेलातली ही मैत्री खरी, की आपल्याला घराबाहेर ठेवायची ती एक सभ्य रीत? दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये भामा हार्ट अटॅकनं गेली. आता विचारायला कुणी नव्हतं. कचेरीत टेबलाशी बसल्यावर मागून "दे इकडे" असं ऐकू येई. मनकर्णाबाई वळून पाहत. मागे कपाट असे.

त्या वर्षीच्या एक जूनला दोघीच हॉटेलात गेल्या. दुसऱ्या दिवशी तेलंगण राज्य व्हायचं होतं. चौकात दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. कचेरीत फायलींचे गठ्ठे दोन राज्यांच्या नावांनी वेगळे बांधून झाले होते.

युसूफनं पाण्याचे तीन ग्लास ठेवले. "तीसरे अम्मा नै आते क्या?"

"गुजर गये, युसूफ."

तिसरा ग्लास त्यानं उचलला नाही.

मनकर्णाबाईंनी दही कालवलं, अर्धं खाल्लं आणि हात थांबवला. ताट आपोआप रिकाम्या खुर्चीकडे सरकलं. विमलाबाईंनी ते पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. भामाचे यजमान हणमंतराव होते.

"मनकर्णाबाई, ते भामा आणायची ते पार्सल कुठल्या हॉटेलातलं? आई सकाळपासून जेवत नाही. डोळ्यांनी दिसत नाही, पण तारीख पक्की ध्यानात. म्हणते, आज भामा आणील."

"ते आई खायच्या?"

"मग कोण? आम्हाला भामा हातसुद्धा लावू द्यायची नाही."

"तुमच्याकडे कुत्रं होतं ना?"

"कुत्रं? आईला चालतंय होय घरात!"

फोन ठेवल्यावर मनकर्णाबाईंनी समोरच्या ताटाकडे पाहिलं. विमलाबाईंना सगळं सांगितलं. विमलाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुझं उष्टं? त्या म्हातारीला? इतकी वर्षं?"

"युसूफ, एक ताजी प्लेट बांध," मनकर्णाबाई म्हणाल्या. एका आंधळ्या बाईला फसवून उष्टं खाऊ घालणं त्यांना जमणार नव्हतं.

पार्सल घेऊन त्या एकट्याच भामाच्या घरी गेल्या. दारात तिच्या चपला तशाच होत्या. कट्टाही होता. मनकर्णाबाई त्याच्यापाशी थांबल्या. आतून आवाज आला, "आलीस का गं भामा? किती उशीर!" हणमंतराव ओशाळले. "संध्याकाळी पाऊल वाजलं की असंच म्हणते. या, आत या."

पार्वतीबाई पलंगावर बसल्या होत्या. हणमंतरावांनी वाढलेलं ताट मांडीवर घेऊन त्यांनी भातातून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली, आणि ताट बाजूला सारलं.

"हे ते न्हाई."

"त्याच हॉटेलातलं आहे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"ह्यात दही न्हाई. कुणाची बोटं फिरलेली न्हाईत. भामाच्या डब्यात कुणीतरी जेवलेलं असायचं."

हणमंतराव काही बोलायला गेले. मनकर्णाबाईंनी हातानं त्यांना थांबवलं.

"कोण जेवलेलं असायचं, ते भामानं सांगितलं होतं?"

"सांगितलं असतं तर मला खाता आलं असतं का?" म्हातारी चिडून म्हणाली. "तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. आता मला उपाशी ठिवता काय?"

मनकर्णाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. पार्सलमधली दह्याची पिशवी फोडून त्यांनी सगळी भातात ओतली आणि बोटांनी कालवली. दोन घास खाल्ले. मग ताट म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

पार्वतीबाईंनी चाचपलं, आणि खाली मान घालून जेवू लागल्या. जेवता जेवता ठसका लागला.

"भामा, पाणी दे गं."

हणमंतराव उठायला लागले. त्यांच्या आधी मनकर्णाबाई उठल्या. "आणते," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.